शिक्षा स्थगित, अपील प्रलंबित

अपील दाखल झालं की निम्मी लढाई जिंकली, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात फौजदारी अपील अंतिम सुनावणीला यायलाच वर्षं जातात आणि तोवर माणूस आत शिक्षा भोगत असतो. म्हणून अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज करावा लागतो. पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 389 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 430 आहे.

औरंगाबाद खंडपीठात चालवलेला असा एक अर्ज माझ्या मनातून जात नाही. भांडण बांधाचं. एका बाजूला तिघे सख्खे भाऊ, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ. कुऱ्हाडीचा एक घाव चुलतभावाच्या उजव्या हातावर बसला. सत्र न्यायालयाने जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 307 (खुनाचा प्रयत्न) आणि 34 (सगळ्यांचा समान इरादा) खाली तिघांनाही 7 वर्षांची सक्तमजुरी सुनावली. माझा अशील मधला भाऊ. कुऱ्हाड त्याच्या हातात नव्हती, हे सरकार पक्षालाही मान्य होतं. त्याने जखमीला मागून धरलं, एवढाच त्याच्यावर आरोप.

307 मध्ये दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सोडण्याआधी सरकारी वकिलांना लेखी विरोध नोंदवायची संधी द्यावीच लागते. त्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत तारखा पडल्या. त्या दिवशी एकदाचं प्रकरण पुकारलं गेलं.

न्यायमूर्तींनी सुरुवातीलाच बजावलं की आता निर्दोषत्वाचं गृहीतक उरलेलं नाही. रेकॉर्डवर उघड दिसणारं काही असेल तेवढंच दाखवा. बरोबरच होतं ते. या टप्प्यावर पुरावा पुन्हा पिंजत बसायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ओमप्रकाश साहनी प्रकरणात सांगितलंय. मी पेपर बुकातली, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांच्या संचातली, दोनच पानं उघडली. फिर्याद जखमीनेच दवाखान्यात दिली होती आणि तीत मागून धरल्याचा उल्लेख नव्हता. ती गोष्ट पहिल्यांदा आली ती थेट कोर्टातल्या साक्षीत. तपास अधिकाऱ्यानेही उलटतपासात हे कबूल केलं होतं. निकालपत्रात मात्र यावर एक ओळ नव्हती.

दुसरा मुद्दा काळाचा. खटला चालू असतानाची कैद धरून अशिलाचे 3 वर्षं 7 महिने आत गेले होते. मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, हे भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात 1999 मध्ये ठरलंय. त्याआधी 1977 मध्ये कश्मीरा सिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे विचारलं, ते मला आजही हलवतं: अपील ऐकायला आम्हाला वेळ नाही, म्हणून तू आतच राहा, आणि शेवटी निर्दोष ठरलास तर ही वर्षं कोण परत देणार?

सरकारी वकिलांनी कसून विरोध केला. मग जखमीचे वकील उठले. जखमी स्वतः मागच्या बाकावर बसला होता. न्यायमूर्तींनी विचारलं तेव्हा उभा राहून एवढंच बोलला, "हा गावात आला तर आमची झोप उडंल."

अर्ज मंजूर झाला. 25 हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दंड भरायचा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत गावाच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. त्या शेवटच्या अटीला मी विरोध केला नाही. हात कायमचा अधू झालेल्या माणसाची भीती खोटी नव्हती.

बाहेर अशिलाची आई उभी होती. ऑर्डर समजावून सांगितल्यावर तिने विचारलं, "सायेब, मंग सुटला म्हणायचं का न्हाई?"

"नाही मावशी. शिक्षा थांबलीय, रद्द नाही झाली. बाहेर राहील तो काळ शिक्षेत धरत नाहीत. अपील हरलो तर उरलेली वर्षं भोगायला परत जावं लागेल."

असं तोंडावर सांगणं जड जातं. पण सांगितलंच पाहिजे, नाहीतर घरचे अपील विसरून जातात आणि सुनावणी लागते तेव्हा त्यांचा पत्ताच सापडत नाही.

खरी दमछाक पुढे झाली. जामीनदार मिळेना. बांधाच्या भांडणात गाव दोन तटांत विभागलेलं. एका गटाचे घाबरलेले, दुसऱ्या गटाचे विरोधात. ज्या मामाने होकार दिला, त्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा. हातात आदेश असून माणूस आतच. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जामिनानंतर 7 दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. पण त्या यंत्रणेची वाट पाहण्यापेक्षा मी खंडपीठात दुसरा अर्ज टाकला. जामीनदार मिळेपर्यंत चार आठवड्यांसाठी रोख रक्कम भरायची परवानगी मागितली, ती मिळाली. माझ्या मते गरीब अशिलासाठी ही मागणी पहिल्याच अर्जात घालायला हवी. आता मी ती घालतोच.

तो सुटला आणि बहिणीच्या गावी गेला. मोबाईल नंबर, पत्ता आणि दोन नातेवाइकांचे नंबर मी फाईलवर लिहून घेतलेत. अपील अजून बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायचं आहे.