लहान कुत्र्यांचा जलद श्वास आणि झोपेतली मोजणी

लहान जातीच्या कुत्र्याचा श्वास जलद चाललेला दिसला की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते: "एवढासा जीव आहे, त्याचा श्वास असाच चालायचा." हे वाक्य मायेपोटी उच्चारलेले असले, तरी त्यामुळे अनेक कुत्र्यांचे उपचार लांबतात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. लहान कुत्र्याचे हृदय मोठ्या कुत्र्याच्या हृदयापेक्षा जलद चालते हे खरे आहे, परंतु विश्रांतीतल्या श्वासाला तो हिशेब तसाच लावता येत नाही. शांत झोपलेल्या निरोगी, प्रौढ कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारणपणे 10 ते 30 असतात आणि 30 ची ही वरची मर्यादा दोन-अडीच किलोच्या चिवावाला जितकी लागू आहे तितकीच तीस किलोच्या लॅब्रॅडॉरलाही लागू आहे. पिल्लांचा श्वास थोडा अधिक जलद असतो, तेवढी सवलत वयाला द्यावी. आकाराला देऊ नये.

मुळात धापा टाकणे आणि श्वास जलद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक ओळखता आला की निम्मी धास्ती कमी होते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. घामाच्या ज्या ग्रंथी उपयोगी पडतात त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि त्यांनी शरीर फारसे थंड होत नाही. त्यामुळे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, ओल्या पृष्ठभागावरून हवा खेळवत राहणे हाच त्याचा उष्णता घालवण्याचा मार्ग असतो. या वेळी मिनिटाला 200 ते 400 इतक्या उथळ हालचाली होतात, पण त्यातली बरीचशी हवा नाक, तोंड आणि श्वासनलिकेतूनच परत फिरते. धावून आलेले, आनंदाने नाचलेले, घाबरलेले किंवा उकाड्याने हैराण झालेले कुत्रे अशा धापा टाकते आणि कारण दूर झाल्यावर काही वेळात शांत होते. याउलट तोंड मिटलेले आहे, खोली थंड आहे, कुत्रे निवांत पडलेले आहे आणि तरीही बरगड्या भराभर वरखाली होत आहेत, हे चित्र वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते. मध्यरात्री काहीही निमित्त नसताना सुरू झालेल्या आणि न थांबणाऱ्या धापाही मी याच दुसऱ्या प्रकारात धरते, कारण वेदना, अस्वस्थता किंवा शरीरातला बिघाड अनेकदा त्याच रूपात दिसतो.

मोजणी करायची ती कुत्रे गाढ झोपेत असताना. जागेपणीचा आकडा वास, आवाज, आपली चाहूल अशा कशानेही बदलतो. झोपेतला आकडा त्या मानाने स्थिर असतो. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास झाला. वर जाणे एक आणि खाली येणे दुसरा असे मोजल्यास आकडा दुप्पट होतो आणि विनाकारण घबराट उडते. तीस सेकंद मोजून दोनने गुणले तरी चालते; मला स्वतःला पूर्ण मिनिट मोजणे अधिक भरवशाचे वाटते, कारण लहान कुत्र्याच्या श्वासात मधूनच एखादा दीर्घ उसासा येतो आणि थोड्या सेकंदांच्या मोजणीत तो सगळा हिशेब बिघडवतो. पापण्यांखाली डोळे फिरत असतील, पंजे थरथरत असतील, ओठ हलत असतील तर कुत्रे स्वप्नात आहे असे समजावे आणि थोडे थांबावे. त्या काळात श्वास अनियमित व जलद होणे स्वाभाविक आहे.

आमची कुत्री पॉमेरेनियन आहे. तिच्या दाट केसांमुळे छातीची हालचाल वरून पाहून नीट कळत नाही. म्हणून मी तिच्या पाठीमागे, तिच्याच उंचीवर बसते आणि शेवटच्या बरगडीच्या मागे, कुशीवर जिथे केसांचा एक भोवरा आहे, त्यावर नजर ठेवते. श्वास आत गेला की तो भोवरा किंचित उघडतो आणि बाहेर आला की मिटतो. हात लावायची गरज पडत नाही आणि तिची झोपही मोडत नाही. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर अशी एक जागा सापडते, तेवढी ती शोधावी लागते. पलीकडे भिंतीवर सेकंदकाट्याचे घड्याळ आहे, म्हणून फोनच्या प्रकाशाचीही गरज भासत नाही. आकडा तारखेसह वहीत लिहिला जातो. कुत्रे निरोगी असताना काही दिवस अशी नोंद ठेवली, तर त्याचा नेहमीचा आकडा हाती येतो. एरवी 16 ते 18 वर असणारा श्वास सलग काही रात्री 26 ते 28 वर राहू लागला, तर तो 30 च्या आत असला तरी मी डॉक्टरांना कळवीन. 30 च्या वरचा आकडा काही वेळाने पुन्हा मोजूनही तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, आणि 40 च्या वर टिकून राहिला तर सकाळची वाट पाहू नये.

या मोजणीवर मी इतका भर देते, त्याचे मुख्य कारण हृदय आहे. लहान जातींमध्ये वाढत्या वयाबरोबर हृदयाची मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, जाड आणि वेडीवाकडी होत जाते. कुत्र्यांमध्ये आढळणारा हा सर्वांत सामान्य हृदयविकार आहे. डॅक्सहुंड, चिवावा, पूडल, पॉमेरेनियन, शित्झू अशा अनेक जातींत तो दिसतो, आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये तुलनेने कमी वयातच सुरू होतो. झडप नीट मिटेनाशी झाली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात मागे फिरते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा मर्मर हा त्याच उलट्या प्रवाहाचा आवाज असतो. पुष्कळ वर्षे कुत्र्याला काहीच जाणवत नाही. तो कप्पा ताणून मोठा होत जातो, त्यामागच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यावर रक्तातला द्रव फुफ्फुसांत झिरपू लागतो. यालाच आपण फुफ्फुसांत पाणी होणे म्हणतो. पाण्याने जड झालेली फुफ्फुसे फुगवायला जास्त जोर लागतो, म्हणून शरीर खोल श्वास सोडून उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागते. कुत्रे अजून जेवत असते, दारात शेपूट हलवत येत असते, अशा काळातही झोपेतला आकडा चढू लागलेला असू शकतो. त्यामुळेच घरच्या घरी मिळणाऱ्या खुणांमध्ये ही खूण मला सर्वांत मोलाची वाटते.

मर्मर ऐकू आला म्हणजे लगेच हृदय निकामी झाले असे नाही. त्याच्या आवाजाला एक ते सहा अशी श्रेणी दिली जाते, पण हृदय किती वाढले आहे ते एक्स-रे आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरूनच नेमके कळते. ही तपासणी टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' या अभ्यासात हृदय वाढलेली, पण अजून कोणताही त्रास न दिसणारी 360 कुत्री होती. त्यांना पिमोबेंडन हे औषध सुरू केल्यास हृदय निकामी होण्याचा टप्पा सरासरी सुमारे पंधरा महिन्यांनी पुढे जातो, असे त्यात आढळले. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार मोठा काळ आहे. फुफ्फुसांत पाणी झाल्यावर ते उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइडसारखे लघवी वाढवणारे औषध दिले जाते, आणि मात्रा पुरेशी आहे का हे ठरवताना डॉक्टर पुन्हा याच झोपेतल्या आकड्याची विचारणा करतात. आपल्या मनाने मात्रा वाढवणे किंवा बंद करणे मात्र मूत्रपिंडांवर आणि क्षारांच्या प्रमाणावर बेतू शकते.

श्वासनलिकेचा प्रश्न निराळा. ती उघडी ठेवणारी कूर्चेची कडी यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल यांच्यात मऊ पडतात आणि नलिका चपटी होते. अशा वेळी हंसाच्या कर्कश ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो, विशेषतः उत्साहाच्या भरात किंवा गळ्याचा पट्टा ओढला गेल्यावर. पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस वापरणे आणि वजन आटोक्यात ठेवणे या दोन गोष्टींनी अनेक कुत्र्यांना स्पष्ट आराम पडतो. पग, पेकिंगीज, शित्झू यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मागचा मऊ भाग लांब असतो. त्यांचे घोरणे गोड वाटते खरे, पण ते हवेच्या वाटेतल्या अडथळ्याचे लक्षण आहे. उलटी शिंक मात्र बहुधा निरुपद्रवी असते. कुत्रे मान ताणून नाकाने घर्र घर्र करत हवा आत ओढते, पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, आणि थोड्या वेळात ते काहीच न झाल्यासारखे चालू लागते. असा झटका आला की व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत दाखवायला काहीही उरलेले नसते.

इतर कारणे पुष्कळ आहेत: ताप, न्यूमोनिया, पोटातली किंवा पाठीच्या मणक्यातली वेदना, गोचिडांमधून होणाऱ्या आजारांमुळे कमी झालेले रक्त, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे), शिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या, ज्यांनी धापा वाढतात. त्यांपैकी एक कारण लहान जातींच्या घरी प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, ते म्हणजे पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटणे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, दूध भरपूर येत असताना हे घडते. ती अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठ करून चालते, मग अंगाला कंप सुटतो, ताप चढतो आणि झटकेही येऊ शकतात. ही काही तासांत जिवावर बेतणारी अवस्था आहे. पिल्ले दूर करून तिला तत्काळ दवाखान्यात न्यावे लागते, जिथे कॅल्शियम शिरेतून, अतिशय सावकाश दिले जाते. काळजीपोटी गाभण असतानाच मनाने कॅल्शियम सुरू केल्यास हा धोका उलट वाढतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते.

उष्माघातात क्रम महत्त्वाचा असतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. 41 च्या पुढे अवयवांना इजा होऊ लागते. अशा वेळी आधी सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, पंख्याचा वारा द्यावा, आणि हे करत करतच दवाखान्याकडे निघावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये. तो लवकरच गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो.

क्षणाचाही विलंब नको अशा खुणा फार थोड्या आहेत, पण त्या पाहता यायला हव्यात. ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी ऐवजी त्या फिकट, राखाडी, निळसर किंवा विटेसारख्या लाल दिसल्या तर निघावे. कोपरे बाहेर फाकवून, मान पुढे ताणून उभे राहणारे, दमून गेले तरी आडवे व्हायला तयार नसणारे आणि प्रत्येक श्वासाला पोट आत ओढणारे कुत्रे हवेसाठी झगडत असते. त्याला कडेवर घट्ट आवळू नये, पाठीवर झोपवू नये, तोंडात पाणी किंवा अन्न घालू नये आणि माणसांचे कोणतेही औषध देऊ नये. त्याला ज्या स्थितीत बरे वाटते त्याच स्थितीत, खिडकी उघडी ठेवून किंवा एसी लावून न्यावे. निघण्यापूर्वी फोन करून श्वास घ्यायला त्रास होतो आहे एवढे स्पष्ट सांगावे, म्हणजे पोहोचताच प्राणवायू लावता येतो आणि एक्स-रेसारख्या तपासण्या कुत्रे सावरल्यावर करता येतात. चालू औषधांची पाकिटे आणि आकड्यांची वही सोबत न्यावी. आकडा कोणत्या रात्रीपासून चढू लागला, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारण्याची शक्यता आहे.