पोटऱ्यांचा डीप टिश्यू मसाज: जोर किती, कधी आणि कुठे नाही

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग सल्ला येतो, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, रगडून काढ.’ हे चूक आहे. लॅक्टेट पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआप उतरतं. दुखतात ते स्नायूंचे तंतू, त्यांना बारीक बारीक इजा झालेली असते. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, आणि नेमकं तेव्हाच कोपर लावलं तर दुखऱ्या तंतूंना आणखी मार बसतो. मसाजनं दुखणं नि ताठरपणा हलका वाटतो. तंतू मात्र त्यांच्या वेळेनंच भरून येतात.

म्हणून पहिले दोन दिवस फक्त हलका हात फिरवायचा. खोल, म्हणजे डीप टिश्यू मसाज त्यानंतर, तोही दुखणं उतरणीला लागलं असेल तरच.

पालथं झोपवून घोट्याखाली उशी द्या, म्हणजे गुडघा किंचित वाकतो आणि पोटरी सैल पडते. एका पायाला चमचाभर तेल पुरे. जास्त घेतलं की हात नुसता घसरतो, खालचं मांस पकडीत येत नाही. आधी दोन-तीन मिनिटं तळव्यानं ऊब आणा. मग बोटांची मूठ किंवा मनगट ते कोपर हा हाताचा भाग टेकवून टाचेच्या वरून गुडघ्याकडे सरका. एका फेरीला १० ते १५ सेकंद लागले पाहिजेत. दाब खोलवर पोचतो तो या संथपणामुळेच. घाई केली की स्नायू आक्रसतो आणि बोटांखाली दोरीसारखा कडक लागतो.

पोटरीच्या आतला सोलियस हा स्नायू बऱ्याचदा मसाजातून राहून जातो. त्यासाठी गुडघा काटकोनात वाकवून पाऊल एका हातात धरा. वरचा स्नायू ढिला पडतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बाजूनं आत पोचतो. गाठ लागली तर २०-३० सेकंद स्थिर दाब, बस्स. दुखणं दहापैकी सहाच्या वर नको. समोरच्यानं श्वास रोखला, पायाची बोटं आवळली की दाब कमी करा. तोंडानं तो ‘चालेल’ म्हणत असला तरी. एका पायाला दहा मिनिटं भरपूर झाली.

गुडघ्यामागची लवण पूर्ण टाळा, तिथं रक्तवाहिनी आणि नस वरवर असते. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथंही दाबू नका. मुंग्या पावलापर्यंत जातात.

सगळ्यात महत्त्वाचं: एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पळताना ‘फट्’ असं जाणवून पोटरी दुखावली असेल तरी खोल मसाज नको, आधी तपासून घ्या.

मसाजनंतर दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं चालतं. काळेनिळे डाग उठले किंवा ४८ तासांनंतरही दुखणं राहिलं तर जोर जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा करा. लघवी चहासारखी गडद झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला अंश मूत्रपिंडांवर येत असल्याची ती खूण असू शकते.