विणीनंतरचा बास आणि हलकं आमिष

डेट्रॉइटच्या ईशान्येला, मिशिगन आणि कॅनडाच्या मधोमध, सेंट क्लेअर नावाचं अफाट पण उथळ सरोवर आहे. सरासरी खोली जेमतेम 11 फूट. जहाजांसाठी खोदलेला मार्ग तेवढा 27 फुटांचा. इथल्या स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी लोक लांबून येतात. त्यात जून अवघड, आणि मला सगळ्यात आवडता.

पाणी साधारण 15-16 अंश सेल्सियसला आलं की नर वाळू-खड्यांत घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. तो घरट्यावर असताना त्याच्यापुढे गळ टाकूच नये, हे माझं ठाम मत. त्याला उचललं की गोबी नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. मी शोधतो मादीला. गवत संपून तळ जरा खोल उतरतो, त्या काठावर ती थकून थांबलेली असते. बाळंतिणीपुढे कुणी जड ताट ठेवत नाही. हिच्यापुढेही लहान, मऊ आणि संथ असंच काही हवं.

पाणी नितळ असल्याने दोरीही बारीक लागते. 1988 मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळत गेले आणि तळ दिसायला लागला. म्हणून वेणीच्या दोरीला पुढे 8 पौंडी फ्लुओरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारी दोरी, सात फुटी नाजूक काठी आणि स्पिनिंग रीळ.

आमिष मी खोली पाहून निवडतो. चार-पाच फुटांत वॅकी रिग: मऊ काडीसारखा रबरी किडा मधोमध गळाला टोचायचा, तो दोन्ही टोकं थरथरवत सावकाश बुडतो. काठावर ड्रॉप शॉट. यात वजन दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वीतभर वर, त्यामुळे वजन तळावर टेकतं आणि आमिष माशाच्या डोळ्यांसमोर तरंगत राहतं. साफ, खडेरी तळावर नेड रिग, म्हणजे छोट्या वजनदार गळावरचा रबरी तुकडा; त्याचं तरंगणारं रबर शेपूट वर करून उभं राहतं. वाऱ्याने होडी वाहायला लागली तर हिरवट तपकिरी ट्यूब, म्हणजे पोकळ रबरी आमिष, तळावरून ओढायची, ती थेट गोबीच वाटते.

नवशिके काठी फार हलवतात. पाण्याची हालचाल पुरते. दहा-पंधरा सेकंद नुसतं थांबावं. मालवण-देवगडकडे गरवणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही, त्यांची बोटं दोरीवरच असतात. इथे झटका बसत नाही, दोरी नुसती जड होते. तेव्हा हिसका न देता रीळ फिरवत काठी उचलायची.

सरोवराच्या मिशिगनकडच्या बाजूला बास घरी न्यायची परवानगी जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून, तीही किमान 14 इंचांच्या माशालाच. त्याआधी पकडलेला लगेच सोडायचा. मी नंतरही सोडतोच, आणि सोडताना मादीला पाण्याबाहेर फार वेळ धरत नाही.