शाळेचे मेस्त

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीच्या पत्रात ‘आपल्या आवडत्या शिक्षकांविषयी लिहावे’ असे होते. शिक्षकांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील, आणि ते काम माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थ्यांनी करावे. मला लिहायचे आहे ते हजेरीपटावरही नाही आणि पगारपत्रकावरही नाही अशा एका माणसाविषयी. आम्ही त्यांना मेस्त, म्हणजे सुतार, म्हणायचो. अख्खा वाडा मेस्तच म्हणायचा. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिला फोन केला तेव्हा तिने आधीच बजावले, “पापाचे नाव छापू नकोस हां, त्याला आवडले नसते.” म्हणून इथेही मेस्तच.

मेस्त पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळा संपेपर्यंत, शिकलेले. प्रार्थनेचे पुस्तक रोमी कोकणीतले, बिले लिहायची ती पोर्तुगीज वळणाच्या तिरक्या अक्षरात. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यात आपली एक. किरिस्तांव (ख्रिस्ती) घरांतली बहुतेक मुले इगर्जीजवळच्या, म्हणजे चर्चजवळच्या, शाळेत जात. मेस्तांनी मुलीला आपल्याकडे घातले त्याचे कारण पावकी आणि निमकी. लाकडाचे माप घनफुटांत. लांबी, रुंदी, जाडी गुणताना पाव-पाऊण येणारच, आणि पाढे तोंडपाठ नसतील तर लाकूड विकणारा टोपी घालणार. आमचे मास्तर जुन्या तालमीतले, अपूर्णांकांचे पाढे घोकून घेणारे. मेस्त व्हरांड्यात काहीतरी ठोकत असले की मधल्या सुट्टीत एखाद्याला पकडून विचारायचे, “बाबा, अडीच दिढे किती?” पावणेचार म्हणणाऱ्याला खिशातला चणा मिळायचा. त्यांच्या मुलीला घरीच तालीम होती, त्यामुळे चणे बहुतेक तीच खायची.

शाळेचे पहिले लांब बाक त्यांनी केले. त्याआधी आम्ही गोणपाटावर बसत असू. एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, पडलेला फणस शाळेला दिला होता. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळेजर्द असते, पुढे वर्षागणिक तांबूस-तपकिरी होत जाते. मेस्तांनी फळ्या पाडून घेतल्या, टोके तडकू नयेत म्हणून त्यांना डांबर लावले, फळ्याफळ्यांत वारा खेळावा म्हणून मधे काठ्या घालून त्या पडवीत रचल्या, आणि कामाला हात लावायचे नावच काढीनात. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. मास्तर रोज विचारायचे. शेवटी दोघांत शब्दाला शब्द वाढला. “मास्तर, लाकूड तुमच्या इन्स्पेक्टराक भियेना,” मेस्त म्हणाले. साहेब आले, गोणपाट पाहून गेले. बाक पुढच्या वर्षी झाले.

आज वाटते, मेस्तांचेच खरे होते. गोव्याचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर चार महिने लाकडाला पाणी पिणे, आणि मार्च उजाडला की आटणे. दाराच्या चौकटीतला दिला, म्हणजे मधली फळी, ते सरसाने घट्ट चिकटवत नसत, खाचेत सैल सोडत, म्हणजे तो फुगला-आटला तरी चौकट फाटत नाही. खिळ्यांवर त्यांचा राग होता. समुद्र जवळ, खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि आपल्याबरोबर लाकूडही कुजवतो. म्हणून सगळे सांधे खाच आणि कुसूचे, वरून लाकडाचीच खुंटी. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल. ते अंगावर उडाले की कातडी सोलवटते. मेस्तांच्या मनगटांवर त्याचे डाग कायमचे होते. मोडलेल्या पाटीची चौकट मात्र ते फुकट बसवून देत, तीही खिळ्याशिवाय.

देवभोळे म्हणावे असे ते नव्हते. देवाच्या बाबतीत ते काटेकोर होते, मापासारखेच. आयतारी, म्हणजे रविवारी, हत्यारांची पेटी उघडायची नाही. संमेलनाचे रंगमंच-सामान अर्धवट असले तरी शनिवारी दिवेलागणीला करवत खाली, “फाल्यां आयतार” एवढे बोलून चालू लागायचे. संध्याकाळी इगर्जीची घंटा झाली की डोक्यावरचे फडके काढून उभे राहायचे, हातात पटाशी असली तर पटाशीसकट. शुभ शुक्रवारी तर हातोडी आणि खिळे यांना स्पर्शसुद्धा नाही. का, ते आम्हाला कोणी समजावून सांगितले नाही. वधस्तंभाचे चित्र त्यांच्या घरात समोरच होते, कळायचे ते कळले.

पवित्र आठवड्यात गुरुवारनंतर इगर्जीची घंटा वाजत नाही, तिच्या जागी लाकडी मात्राक खडखडते. ती मेस्तांनीच केलेली. आपल्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तो एका रात्री कोणीतरी भंगारात घातला. मास्तर हवालदिल. दुसऱ्या दिवशी मेस्त एक फळी आणि तिच्यावर आपटणारी लाकडी कडी घेऊन हजर. इगर्जीतल्या मात्राकीपेक्षा लहान, पण आवाज तोच. पहिल्या तासाला ती वाजली आणि पलीकडच्या वाड्यातल्या दोन म्हाताऱ्या डोक्यावर पदर-ओढणी सावरत रस्त्यावर आल्या. चवथ तोंडावर आली होती, आणि यांना वाटले शुक्रवार आला! नवा रूळ मिळेपर्यंत ते वाद्य शाळेत होते. नंतर नव्या घंटेची दोरी ओढायला कोणी उत्सुक नसे. मात्राक फिरवायला मात्र भांडणे व्हायची.

घर त्यांचे नळ्यांचे, पुढे लहानसा बलकांव (बैठकीचा ओटा), खिडक्यांना काचेऐवजी शिंपले. पाटी घ्यायला गेलो की तेर्साची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, वेळ झालेली असायची. मी बलकांवावर बसून राहायचो. आत मेस्त, त्यांची बायको, पाच मुले गुडघे टेकून. मेस्त सुरुवात करायचे आणि मुले पुढचे म्हणायची, धाकट्याला डुलकी लागली की थोरली कोपराने ढोसायची. प्रार्थना झाली की प्रत्येक मूल वडिलांपुढे येऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचे. एकदा मी चुकून त्या रांगेत सापडलो, म्हणजे मुलांनीच ढकलले. मेस्तांनी हसू न आणता माझ्याही डोक्यावर हात ठेवला. घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, बरे झाले. आजी शिरगावच्या लईराई देवीला मानणारी. म्हापशाची मिलाग्र सायबीण (मेरी माता) ही लईराईची बहीण, हे तिच्या लेखी घरातले नाते होते.

कधी कधी रात्री उशिरा त्यांच्या घरातून रंध्याचा आवाज यायचा. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. कोणीतरी गेले आहे आणि सकाळपर्यंत पेटी हवी आहे. फळ्यांचे आणि कापडाचे पैसे ते घेत, मजुरी कधीच नाही. त्या रात्री बायको दिवा धरून बसायची. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कामाला उशीर झाला तर मास्तर काही विचारत नसत.

1974-75च्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला शाळेची सहल जुन्या गोव्याला गेली, तेव्हा मेस्त बरोबर होते. रांग लांबलचक. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे या संताच्या, दर्शनानंतर आम्हाला भूक लागलेली, आणि हे आम्हाला बासिलिकेतला कोरीव पुलपीत, म्हणजे प्रवचनाचा उंच कठडा, दाखवत उभे. तिथली आकृती न् आकृती बोटाने हवेत गिरवून दाखवली. सायबाचे शव ठेवलेली चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी घडवली, हे मी प्रथम त्यांच्याकडून ऐकले. मास्तर बोटीची वेळ सांगत होते आणि मेस्त सांधे शोधत होते.

मराठी-कोकणी भाषावादाच्या दिवसांविषयी थोडेच लिहितो, कारण त्या जखमा अजून खाजतात. 1987 साली गोव्याचा राजभाषा कायदा झाला, त्याच्या आगेमागे गावात चांगली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. मराठी शाळेचे काम कशाला करतोस, असे तिठ्यावर कोणीतरी मेस्तांना टोकले. “बांकार भुरगीं बसतात, भास बसना,” (बाकावर मुले बसतात, भाषा बसत नाही) एवढेच बोलून ते पिशवी उचलून शाळेत आले. दोन्ही बाजूंच्या सभांमधली भाषणे मी ऐकली आहेत. त्यांतले एकही मला आठवत नाही.

थोरला मुलगा तारवार, म्हणजे बोटीवर नोकरीला, गेला, दुसरा कुवेतला, मुली लग्न होऊन गेल्या. हत्यारे कोणी हाती घेतली नाहीत, आणि मेस्तांनी त्याची कधी तक्रार केली नाही. तारवट्याने पाठवलेल्या पैशांतून त्यांनी बायकोसाठी नवे स्वयंपाकघर बांधले आणि स्वतःसाठी एक विलायती रंधा मागवला. तो काही त्यांना पसंत पडला नाही. शेवटपर्यंत कामाला जुनाच. त्यांच्या मयताला पेटी म्हापशाहून तयार आणावी लागली. मास्तर काठी टेकत आले होते. त्यांनी कडेचा सांधा चाचपून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मेस्तांचे दोन बाक बालवर्गाच्या ओसरीवर अजून आहेत, परवा पाहून आलो. एकाच्या डाव्या पायाला कोणीतरी तीन इंची खिळा ठोकला आहे आणि तो गंजला आहे. महोत्सवाच्या खर्चात दुरुस्ती धरली असेल तर समितीने तेवढा खिळा काढून घ्यावा. कुसू बसवता येणारा सुतार डिचोलीला आहे, त्याला मी पाठवतो. मजुरी माझ्याकडे.