भिंतीचा रंग आणि जुनी कपाटं

आज अख्खा दिवस एका रंगात गेला पण मनापासून समाधान वाटतंय. किचनची कपाटं जुनीच ठेवायचीत, मधासारख्या पिवळट लाकडी रंगाची, फरशी बेज, आणि भिंतीला मला हलका ग्रे हवा होता. शेडकार्डवर इतका सुंदर दिसला की लगेच फायनल करणार होते, पण आधी सॅम्पल आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारले, वाळू दिलं आणि कपाटाला टेकवून ठेवलं तर चक्क निळा दिसायला लागला! त्या ग्रेचा अंडरटोनच, म्हणजे आत दडलेली छटाच, निळी, आणि शेजारी पिवळट लाकूड आलं की डोळ्याला तो निळेपणा अजून जाणवतो, शेडकार्डच्या पांढऱ्या कागदावर हे कळतच नाही.

मग बेजकडे झुकणारा ग्रे लावला. सकाळी बघितला, दुपारी बघितला, संध्याकाळी दिवे लावून बघितला. 2700 केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) वॉर्म बल्बखाली छान उबदार, 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली जरा थंड, पण फरशीशी कुठेच भांडला नाही. आणि हो, पुठ्ठा आडवा ठेवून बघू नका, भिंतीसारखा उभाच धरा, उजेड वेगळा पडतो.

कपाटं-फरशी तीच राहणार असतील तर पेंट सगळ्यात शेवटी ठरवायचा असं मला आता ठाम वाटतं, पेंटच्या हजारो शेड मिळतात, जुन्या लाकडाशी तंतोतंत जुळणारं लाकूड मिळणं फार अवघड. उद्या पडद्यांचं कापड बघायचंय, सोफ्याच्या कव्हरचा तुकडा आत्ताच पर्समध्ये टाकलाय.