इंदुरात लपून फोटो निघत नाही, भिया

स्ट्रीट फोटोग्राफी शिकवणारे जेवढे म्हणून व्हिडिओ बघाल त्यात पहिला धडा एकच, की कुणाला दिसू नका. काळे कपडे घाला, छोटा कॅमेरा घ्या, शटरचा आवाज बंद करा, गर्दीत मिसळा. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावून फिरायचा, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. मोठा माणूस, सगळं मान्य, पण त्याला एकदा आमच्या शीतलामाता बाजारात उभं करायला हवं होतं. तिथे कॅमेरा पिशवीतून अर्धा बाहेर येत नाही तोवर साडीच्या दुकानातून हाक येते, "दीदी, एक हमारी भी!" आणि तेवढ्यात कुठूनतरी तीन पोरं येऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी, दोन बोटं वर.

बाहेरून आलेले फोटोवाले ह्याला जाम वैतागतात, "कँडिड मिळतच नाही यार तुमच्याकडे" वगैरे, कँडिड म्हणजे पोझ न देता नकळत निघालेला फोटो. मला ते पटत नाही. इंदूरला पोझ द्यायचीय ना, देऊ दे की! पहिला फोटो त्यांचा, दुसरा आपला. आणि पहिला अगदी मनापासून काढायचा, नुसतं काढल्यासारखं केलं तर चालत नाही कारण लगेच "दिखाओ" येतंच. दाखवायचा, हसायचं, कॅमेरा छातीशी तसाच ठेवायचा आणि जागचं हलायचं नाही. मग जे होतं ना ते खरं. एक जण कॉलर सैल करतो, दुसरा तिसऱ्याला टपली मारतो की तू मधे आलास, शेठजी पुन्हा हिशेबाच्या वहीत, आणि तुम्ही आता त्या फळीवरच्या गाठोड्याइतके ओळखीचे झालेले असता, कुणी वर बघतही नाही.

हे काही मी शोधलेलं नाही हां. विल्यम क्लाइन नावाचा फोटोग्राफर न्यूयॉर्कमध्ये पन्नासच्या दशकात वाइड लेन्स घेऊन लोकांच्या अगदी अंगावर जायचा, त्यांच्याशी बोलायचा, उचकवायचा. लेन्सवर पिस्तूल रोखलेल्या पोराचा तो प्रसिद्ध फोटो आठवतो? पिस्तूल खेळण्यातलं, आणि पोराला रागाने बघ असं क्लाइननेच सांगितलेलं. शेजारच्या छोट्या मुलाचा चेहरा मात्र कुणी सांगून होत नाही तसा. माझी नजर दरवेळी त्या छोट्यावरच जाते.

आणि पोझचं म्हणाल तर ती इंदूरच्या रक्तातच आहे असा माझा आपला एक लाडका समज आहे. लाला दीनदयाळ, पुढे हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ झाले ते, कॅमेऱ्याकडे वळले ते इथेच. 1870 च्या दशकात इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते, तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला आणि पहिला स्टुडिओ इथेच निघाला. तेव्हा तिपाईवरचा भलामोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, हललात की गेलात. मग आमचे पणजोबा-खापरपणजोबा ताठ बसायला शिकले त्यात नवल काय.

थोडं सेटिंगचं, कारण विचारतात लोक. ऑटोफोकसच्या भानगडीत मी पडत नाही. 28 एमएमची वाइड लेन्स, लेन्सचं छिद्र एफ/8 वर, फोकस अडीच मीटरवर लावून ठेवायचा. फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं कामापुरतं शार्प येतं, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज नाही. शटर 1/250 च्या खाली नको, चालत्या माणसाचे पाय पुसले जातात. बास, एवढंच. गियरवर याहून जास्त बोलणारी माणसं फोटो कमी काढतात असा अनुभव आहे.

सकाळची सगळ्यात भारी जागा कुठली, तर पोह्याचा ठेला. कुठलाही. खाली पाणी उकळत असतं आणि वर पोह्यांचा पिवळा डोंगर वाफेवर, म्हणूनच इंदुरी पोहे मऊ राहतात. ठेल्याच्या मागे ऊन आणि पाठीमागे बंद दुकानाचं गडद शटर असं जमवून उभं राहा, एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा. पोहेवाला प्लेट भरताना वाफ उसळते, मग शेव, कांदा, वरून जिरावण मसाला, आणि त्या जिरावणाच्या चिमटीत त्याची बोटं अशी काही फिरतात की चेहऱ्याकडे बघायचं राहूनच जातं. माझ्या फ्रेममध्ये चेहरा नसतोच बहुतेक, कोपरापासून खालचा हात तेवढा.

सराफा बाजाराचं उलटं. रात्री सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्या पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू हा तळलेला कंद, सगळं. तिथे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात, त्याचे फोटो इतके झालेत की आता बस्स. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. द्रोण वर गेला की गर्दीच्या माना एकदम वर, तोंडं उघडी, एखाद्या काकांचा घास तसाच हातात. उजेड मात्र वैताग, एलईडी पांढरा, बल्ब पिवळा, भट्टीचा लाल, त्यामुळे रंग नंतर सुधारता यावेत म्हणून रॉ फाइलमध्येच काढते आणि बरेचसे शेवटी ब्लॅक अँड व्हाइट करते.

कुणी हाताने नको म्हटलं तर विषय संपला, वाद घालायचा नाही. रस्ता सगळ्यांचा आहे हे खरं, पण 2017 पासून प्रायव्हसी हा आपल्याकडे मूलभूत हक्क आहे, आणि तो नसता तरी झोपलेल्या भिकाऱ्याचा फोटो मला कलाबिला वाटत नाही. लहान मुलांचा काढायचा तर आईकडे बघायचं, ती हसली तरच. लोकमान्य नगरात एका आजींनी तर माझीच चौकशी केली, "कुणाची गं तू? थांब, पदर नीट घेते." पदर घेतला, फोटो झाला, मग आमच्या आजोबांची ओळख निघाली आणि त्या हात उडवत बोलायला लागल्या तो दुसरा. दोन्हींचे प्रिंट नेऊन दिले. पदरवाला फ्रेम झाला, दुसऱ्यावर शेरा आला, "ह्यात मी भांडतेय का?"

वर्षातून एकच दिवस पहिला फोटो पोझचा हा नियम मोडतो, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. राजवाड्याच्या आसपास एवढी माणसं, टँकर, मजल्यांच्या वर जाणारे रंगाचे फवारे, की पोझ द्यायला कुणाचे डोळेच उघडे नसतात! फुकटचं कँडिड, हवं तितकं. फक्त तुम्हालाही कुणी सोडत नाही आणि गुलाल लेन्सच्या आत गेला की गेला. यंदा टोरी कॉर्नरला सकाळीच जाऊन थांबणार आहे, चांगला कॅमेरा घरी, जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत, चष्माही जुनाच. कुणी येणार असाल तर कळवा, पण पांढरे कपडे घालून या, काळे घालून लपायला आलात तर सगळ्यात आधी तुम्हालाच रंगवतील.