आमची वाटचाल : ठसा, चकती आणि भिंग

नाशिकच्या मेन रोडवर १९९८ साली आम्ही जुन्या नाण्यांचे छोटेसे दुकान उघडले, तेव्हा एक भिंग, सोनाराकडून घेतलेला काटा आणि वडिलांनी जमवलेली चार डबे नाणी एवढेच आमचे भांडवल होते. टांकसाळीतच सदोष घडलेल्या, म्हणजे 'एरर' नाण्यांचा व्यवहार पुढे हळूहळू वाढत गेला. (नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, नाणी पाडली जात नाहीत, हे नव्या गिऱ्हाइकाला आजही सांगावे लागते. आपली नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींतून येतात.)

२००३ साली एका प्रदर्शनात आम्ही स्टीलचे एक रुपयाचे नाणे 'ब्रोकेज' म्हणून घेतले आणि आमच्या एका शिक्षक गिऱ्हाइकांना विकले. आधी पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढची कोरी चकती त्याच नाण्यावर दाबली जाते, तेव्हा ब्रोकेज घडते. एका बाजूला तीच छाप उलटी आणि खोलगट उमटते, तर दुसरी बाजू ठसठशीत राहते. आठ दिवसांनी सर नाणे घेऊन आले. खोलगट अक्षरांखाली मूळ छापेचे अवशेष दिसत होते आणि मागची बाजू चेपून सपाट झाली होती. कोणीतरी दोन नाणी व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरून आवळली होती. सरांचे पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले. ते नाणे मी अजून गल्ल्यात जपून ठेवले आहे आणि नव्या माणसाला शिकवताना सर्वांत आधी तेच हातात देतो.

तेव्हापासून दोष नाणे पाडताना घडला की नंतर, एवढाच प्रश्न आम्ही प्रत्येक नाण्याला विचारतो. ठशाला तडा गेला की नाण्यावर ती रेघ उचललेली येते. नाण्यावर ओरखडा पडला की रेघ खोल जाते आणि सरकलेला धातू तिच्या कडेला साचतो. चकती मुळात अर्धवट कापली गेली असेल, तर कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची किनार बहुधा फिकी उमटते. कानशीने घासून केलेल्या नाण्यात समोरची किनार शाबूत असते.

खरी कसोटी झिजलेल्या ठशाची. लाखो नाणी पाडून ठसा थकला की अक्षरे फुगतात, त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि मोकळ्या जागेत काठाकडे धावणाऱ्या बारीक रेषा दिसू लागतात. अक्षरांशेजारी कधी सावलीसारखी दुसरी कडही येते. असे नाणे घेऊन येणारा माणूस 'दुहेरी छाप' म्हणून मोठ्या आशेने येतो, आणि त्याला नाही म्हणणे मला आजही जड जाते. नाणे टांकसाळीतूनच तसे आलेले असते, त्याचे म्हणणे खोटे नसते. पण ती झीज आहे, चूक नव्हे, आणि आम्ही तिची वेगळी किंमत देत नाही.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधली चकती फिरवून बसवण्याचे प्रकार बरेच येतात. आतली चकती आणि बाहेरचे कडे एकाच दाबाखाली एकत्र छापले जातात. त्यामुळे कड्यावरील 'भारत' सरळ असताना मधला सिंहस्तंभ कललेला दिसला, तर चकती नंतर काढून पुन्हा ठोकली आहे, हे उघड होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने, आपल्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारावर कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना काढली. ती आम्ही मोठ्या अक्षरांत लावली आहे.

आता दुकान माझी मुलगी सांभाळते. विकलेल्या प्रत्येक एरर नाण्यासोबत ती वजन आणि दोषाचे कारण लिहिलेली चिठ्ठी देते. गेल्या पावसाळ्यात एक काका २०११ पूर्वीचे स्टीलचे, काठाजवळची अक्षरे तुटलेले एक रुपयाचे नाणे घेऊन आले. तिने ते आधी काट्यावर ठेवले. ४.८५ ग्रॅमऐवजी ३.७९ ग्रॅम भरले, म्हणजे नेमके त्या काळच्या ५० पैशांच्या चकतीचे वजन. मग तिने काकांना बसायला खुर्ची दिली आणि भिंग हातात घेतले.